ट्रकमधून निघालेली आगगाडी

मी विकायला काढलेल्या माझ्या मॉडेल आगगाड्या खऱ्या गाड्यांच्या 87 पट लहान आहेत. या मापाला एचओ म्हणतात. रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर, आणि प्रवासी गाडीचा साडेतेवीस मीटरचा एलएचबी डबा इथे 27 सेंटिमीटरवर आटपतो. आता हाच हिशेब दूधसागराला लावा. धबधबा 310 मीटरचा; भागिले 87, उत्तर साडेतीन मीटर. म्हणजे मालाच्या ट्रकवर सगळ्यात वर रचलेलं खोकं कुणी खाली भिरकावलं, तर आतलं इंजिन स्वतःच्या मापाने दूधसागरावरून कोसळतं. गोव्यातल्या फोंड्याहून सांगलीच्या गिऱ्हाइकाकडे पोचेपर्यंत वाटेत असे किती दूधसागर लागतात ते मोजायला मी ट्रकमध्ये नसतो, तेच बरं.

माझे मेहुणे हायस्कुलात फिजिक्स शिकवायचे. त्यांचं म्हणणं, उंची अशी भागता येत नाही. वस्तू जितकी लहान तितकं तिला पडणं कमी लागतं. मुंगी माडावरून पडली तरी उठून चालायला लागते. बरोबर असेल. पण मुंगीच्या पोटात धातूचा ठोकळा नसतो. चाकांनी रूळ धरून ठेवावेत, चढावर डबे ओढले जावेत म्हणून इंजिनाच्या पोटात जड चासी आणि मोटर बसवलेली असते, आणि बाहेर केसाएवढे कठडे, पायऱ्या, बफर. खोकं आपटून थांबतं, पोटातलं वजन थांबायला तयार नसतं, आणि त्या भांडणात कठडे जातात. मेहुण्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग विकतोस कशाला?"

विकतो, कारण मुलगा बेंगळुरूला, त्याचा फ्लॅट म्हणजे माझ्या यार्डाएवढा, आणि इथे फोंड्यातल्या पावसात रुळांना लागणारा गंज खरवडण्याएवढी कंबर आता वाकत नाही.

मूळ पेट्या असत्या तर निम्मं काम झालं असतं. त्या वाळवीने खाल्ल्या. ज्या एक-दोन उरल्या त्यांच्यातला फोम एवढ्या वर्षांच्या दमट हवेने विरघळून काकवीसारखा झाला होता. तेव्हा खोकी बाहेरून आणणं आलं, आणि फोंड्यात भक्कम खोकी हवी असतील तर ती बारमध्ये मिळतात. बाटल्यांसाठी केलेली, जाड पुठ्ठ्याची, आत खणसुद्धा. मी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बारमधून काखेत रिकामी खोकी घेऊन घरी येऊ लागलो. लोकांना खोकी दिसतात. बाटल्यांचं काय झालं ते लोक आपापलं ठरवतात. देवळात एका ओळखीच्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन त्यांच्या डॉक्टरांचं कार्ड दिलं.

शेजारच्या भाटकारांनी याहून चांगला उपाय सुचवला. मासळीवाल्यांचे थर्माकोलचे पेटारे. हलके, मजबूत, जाडजूड भिंतींचे, वर धक्का खाणारे. एक स्वतःच आणून दिला. लिंबू लावून धुतला, सोड्याने घासला, अंगणात उन्हात ठेवला. संध्याकाळी बघतो तर आळीतल्या सगळ्या मांजरी त्याच्याभोवती बैठक मारून बसलेल्या. सांगलीचे गिऱ्हाईक आडनावावरून तरी शाकाहारी वाटत होते. त्यांच्या इंजिनाला बांगड्याचा वास यावा हे मला पटेना. पेटारा भाटकारांना परत गेला.

खरं काम जेवणाच्या टेबलावर चालतं. इंजिन विजेचं, टपावर तारेतून वीज घेणारे दोन पँटोग्राफ. ते आधी खाली दाबून मऊ दोऱ्याने बांधायचे. रबरबँड नाही, तो उकाड्यात वितळून रंगाला चिकटतो. मग मऊ, कोरा टिश्यू. बबल रॅप थेट रंगावर लावायचा नाही, आणि टिश्यूवरून लावतानाही फुगे बाहेरच्या बाजूला, नाहीतर उन्हात तापलेल्या ट्रकमधून उतरेपर्यंत इंजिनाच्या अंगावर गोल गोल ठसे उठलेले असतात. मग फोम. इंजिन पेलायचं ते खालून आणि दोन्ही टोकांकडून, त्यामुळे कठड्यांच्या समोर फोममध्ये ब्लेडने खाचा पाडायच्या, कठड्याला काहीच टेकता कामा नये. आणि इंजिनाच्या पोटाखालून एक रुंद फीत घालून तिची दोन्ही टोकं वर मोकळी सोडायची. ही फीत गिऱ्हाइकासाठी. घाटातल्या खड्ड्यांची मला तेवढी भीती वाटत नाही जेवढी खोकं उघडणाऱ्याच्या आनंदाची वाटते. माणूस खूश झाला की चिमटीत पहिला कठडाच धरतो.

डबे वेगळ्या खोक्यात. एका खोक्यात इंजिन आणि डबे एकत्र घालणं म्हणजे काचेच्या बरणीत हातोडी घालून बरणी टपालात टाकणं. आतलं खोकं बाहेरच्या खोक्यात, चहूबाजूंनी चार बोटं जागा, आणि त्या जागेत वर्तमानपत्रांचे बोळे. कोंबून, अगदी कोंबून. शाई लागते म्हणून वर्तमानपत्र फक्त बाहेरच्या मजल्यावर.

"अहो, आंघोळीला जाताय की यालाच घालू?" बायको म्हणाली. मग तिने न सांगता खोकं उचललं, कानाशी नेलं आणि नारळ बघतात तसं हलवलं.

"वाजतंय."

"शक्य नाही."

"ऐका."

वाजत होतं. बारीक, कोरडं, खळ्‌खळ्‌. पुन्हा सगळं उघडलं: टेप, बोळे, आतलं खोकं, फोम, बबल, टिश्यू. कठडे जागेवर, बफर जागेवर. वाजत होती ती मीच ओल धरू नये म्हणून घातलेली सिलिका जेलची पुडी. ती टिश्यूत गुंडाळली आणि सगळं परत उलट्या क्रमाने. जुलैच्या हवेत टेप पुठ्ठ्यावर चिकटायला अर्धा तास विचार करते. माझ्या बोटांना मात्र ती लगेच चिकटते.

कुरिअरच्या काउंटरवरच्या पोराने आधी खोक्यावरचं बाटलीचं चित्र पाहिलं, मग मला.

"भितर कितें आसा?"

"इंजीन."

"स्कुटराचें?"

"आगगाडयेचें."

"परमिट आसा?"

"इंजिनाक परमिट?"

"सोऱ्याक."

गोव्याबाहेर दारू न्यायला परवाना लागतो, आणि बारच्या खोक्यात इंजिन आहे यावर विश्वास ठेवण्याचा पगार त्याला मिळत नसावा. उघडायला लावलं. आजोबा सांगायचे, पोर्तुगीज अमदानीत गाडीने बाहेर जायचं तर कुळ्याला त्यांच्या जकातवाल्यांपुढे ट्रंक उघडायची, आणि घाट चढून कॅसलरॉकला गेलं की भारताच्या जकातवाल्यांपुढे तीच पुन्हा. आजोबांच्या ट्रंकेत धोतरं असत. धोतराला कठडे नसतात. इंजिन बाहेर निघताच रांग मोडून सगळे काउंटरभोवती जमले. एकाने ते चालवून दाखवायला सांगितलं. दुसऱ्याने, अपेक्षेप्रमाणे, हात कठड्याकडेच नेला. मी त्याचं मनगट धरलं. ओळख नसताना एखाद्याचं मनगट असं धरायचा माझा पहिलाच प्रसंग.

पोरगा मात्र मनाचा चांगला. शंका फिटल्यावर त्याने स्वतःच टेप मारून दिली, वरखाली, आडवीउभी, वरची बाजू दाखवणारा बाण पूर्ण झाकेपर्यंत. मग वजन. काट्यावर पावणेदोन किलो. त्याने टेप लावून खोकं मोजलं: 40, 30, 20 सेंटिमीटर. गुणाकार, भागिले 5000, चार किलो आठशे.

"पण वजन पावणेदोन आहे ना?"

"तें खरें. पूण जागो चडांचो." वजन खरं, पण जागा जास्त.

म्हणजे तीन किलोच्या वर मी निव्वळ हवेचं भाडं भरलं. ती चार बोटं जागा काढली तर पैसे वाचतात, कठडे जातात. पावती खिशात घालून बाहेर आलो तर समोर मालाचा ट्रक उभा. कोकण रेल्वेवर 1999 पासून कोलाड ते वेर्णे भरलेले ट्रक वाघिणीवर चढून ऐटीत आगगाडीने येतात. माझी आगगाडी ट्रकने चालली होती.

पुढचे दिवस मोबाईलवर 'माल केंद्रावर पोचला' एवढंच दिसत राहिलं. कुठलं केंद्र, ते नाही. बायकोने रात्री मोबाईल काढून घेतला.

शेवटी सांगलीहून फोन आला.

"साहेब, खोकं मिळालं."

"कठडे?"

"सांगतो. मला एक विचारायचं होतं. हे पेपर कोंबलेत ते कुठल्या तारखेचे?"

"का हो?"

"जत्रेतल्या नाटकाची बातमी आहे. पहिला अंक झाल्यावर स्टेजवर भांडण झालंय, आणि ऐन रंगात आल्यावर 'उर्वरित पान 7 वर'. पान 7 कुठाय?"

"इंजिनाच्या मागच्या बाजूचे बोळे बघा."

कागद उलगडल्याचा आवाज. बराच वेळ.

"इथे निधनवार्ता आहेत."

"मग डब्यांच्या खोक्यात गेलं असेल. ते दुसरं पार्सल आहे, मागून येतंय."

"बरं, थांबतो."

"पण इंजिन कसं आहे?"

"बघू. अजून सापडलेलं नाही."