दोन मॉनिटर सारखेच हवेत, हे खरं नाही

“दोन मॉनिटर लावायचे तर दोन्ही एकाच आकाराचे, एकाच रिझोल्यूशनचे घ्या. नाहीतर मोठा मॉनिटर लहानाच्या रिझोल्यूशनवर उतरतो, अक्षरं धूसर होतात, रिफ्रेश रेट पडतो आणि कॉम्प्युटर मंदावतो.” हा सल्ला इतक्यांनी पुढे पाठवलाय, की लोक त्यावर विसंबून चांगला चालता मॉनिटर अडगळीत टाकतात आणि जोडी जुळवायला नवे दोन घेतात. मला याचं खरंच वाईट वाटतं. म्हणून यातला एकेक मुद्दा तपासून पाहू.

रिझोल्यूशन म्हणजे पडद्यावर आडवे आणि उभे किती पिक्सेल, म्हणजे ठिपके, आहेत ते. मोठा मॉनिटर लहानाच्या रिझोल्यूशनवर उतरतो, हे फक्त ‘डुप्लिकेट’ निवडल्यावर घडतं. दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दाखवायचं, तर दोघांना झेपेल असंच रिझोल्यूशन लागणार. विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा, की प्रत्येक पडदा स्वतःच्या रिझोल्यूशनवर चालतो.

धूसर अक्षरांचा मुद्दा मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण गोंधळाचं मूळ तिथे आहे. एलसीडी पडद्यावरचे पिक्सेल जागचे हलत नाहीत. पडद्याला त्याच्या मूळ रिझोल्यूशनपेक्षा वेगळं रिझोल्यूशन दिलं, तर एक ठिपका दोन-तीन पिक्सेलमध्ये वाटला जातो आणि अक्षराची कड फिसकटते. “४के (३८४० × २१६०) वर अक्षरं फार बारीक दिसतात” म्हणून रिझोल्यूशन कमी करणारे अनेक जण धूसरपणा असा स्वतःच ओढवून घेतात. रिझोल्यूशन मूळचंच ठेवायचं आणि अक्षरं मोठी करायची ती डिस्प्ले सेटिंग्जमधला ‘स्केल’ हा पर्याय वापरून.

जुळवायची असते ती एका इंचात बसणाऱ्या पिक्सेलची संख्या, म्हणजे घनता. २४ इंची, १९२० × १०८० च्या पडद्यावर इंचाला सुमारे ९२ पिक्सेल असतात. ३२ इंची, २५६० × १४४० च्या पडद्यावरही तितकेच! आकार वेगळा, रिझोल्यूशन वेगळं, तरी एकावरची खिडकी दुसऱ्यावर ओढली तर तिचं माप बदलत नाही. उलट दोन्ही पडदे २७ इंची, पण एक १०८० चा आणि दुसरा ४के असेल, तर अक्षरांच्या मापात दुपटीचा फरक पडतो. आता २४ इंची १०८० शेजारी २७ इंची ४के ठेवलाय असं धरा. घनता ९२ आणि १६३, म्हणजे पावणेदोन पटींच्या आसपास. लहान पडद्याला १०० टक्के आणि ४के ला १७५ टक्के स्केल द्या, अक्षरं जवळपास सारखी दिसतील.

एकेकाळी या सल्ल्याला आधार होता, हे मान्य करायला हवं. प्रत्येक पडद्याला वेगळं स्केल देण्याची सोय विंडोजमध्ये आली ती २०१३ च्या ८.१ आवृत्तीपासून. लिनक्सवर पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या जुन्या एक्स११ यंत्रणेत हे अजूनही त्रासाचं आहे, नव्या वेलँडमध्ये सोपं. आणि विंडोजवर काही जुनी सॉफ्टवेअर आजही दुसऱ्या पडद्यावर नेली की धूसर होतात. तेवढ्यापुरतं त्या सॉफ्टवेअरच्या प्रॉपर्टीजमध्ये, ‘कम्पॅटिबिलिटी’खाली, हाय डीपीआयची सेटिंग बदलून पाहावी.

वेगळ्या पडद्यांचा खरा रोजचा त्रास त्या सल्ल्यात आलेलाच नाही, तो म्हणजे कर्सर अडणं. डिस्प्ले सेटिंग्जमधले चौकोन इंचांवर नाही, पिक्सेलवर काढलेले असतात. वरच्याच २४ इंची १०८० आणि २७ इंची ४के च्या जोडीत टेबलावर दोन्ही पडद्यांच्या उंचीत जेमतेम दीड इंचाचा फरक, पण चित्रात ४के चा चौकोन दुप्पट उंच. खालच्या कडा जुळवल्या, तर ४के च्या वरच्या अर्ध्या भागातून कर्सर पलीकडे जातच नाही, भिंतीवर आपटल्यासारखा थांबतो. लहान चौकोन ओढून आपण जिथून जास्त ये-जा करतो त्या उंचीवर ठेवावा. विंडोज ११ मध्ये कर्सर अडू नये म्हणून वेगळा पर्यायही आहे, तो चालू करा.

रिफ्रेश रेटचं, म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा (किती हर्ट्झ) बदलतं त्याचं म्हणाल, तर प्रत्येक पडद्याला तो वेगळा ठेवता येतो. ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर व्हिडिओ लागला की शेजारच्या १४४ हर्ट्‌झवर चित्र अडखळायचं, ही विंडोज १० मधली खरी तक्रार होती, पण २०२० च्या मे महिन्यातल्या अपडेटनंतर ती बरीच निवळली. ४के पडदा ३० हर्ट्‌झवरच अडकला असेल तर शेजारच्या मॉनिटरला दोष देण्याआधी केबल आणि पोर्ट बघा. एचडीएमआय १.४ वरून साधारणपणे तेवढंच मिळतं, ६० साठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागतं.

कॉम्प्युटर मंदावण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ४के पडद्याचं एक पूर्ण चित्र म्हणजे सुमारे ३३ एमबी. साध्या कामात आजच्या ग्राफिक्सला त्याचं ओझं वाटत नाही, आणि दोन मॉनिटर सारखे घेतल्याने ते कमीही होत नाही.

एकच गेम तीन पडद्यांवर पसरून खेळायचा असेल, तर मात्र तिन्ही सारखेच घ्या. तिथे सांध्यावर चित्राची रेघ सरळ जावी लागते. फोटोंच्या रंगांचं काम असेल तर एकाच मॉडेलचे दोन पडदेही हुबेहूब जुळत नाहीत, रंग मोजून दोन्हींचं कॅलिब्रेशन करावंच लागतं.