अ‍ॅक्सिऑस लावल्याने कॉर्सचा एरर जात नाही

ऐरोली-महापे भागातल्या आम्हा फ्रंटएंडवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'फेच सोडा, अ‍ॅक्सिऑस घ्या, कॉर्सचा एरर जातो.' (फेच ही ब्राउझरमधून सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवायची अंगभूत सोय, अ‍ॅक्सिऑस ही त्याच कामाची जावास्क्रिप्ट लायब्ररी.) हे साफ चूक आहे. नुकतीच कामाला लागलेली मुलं यावर विश्वास ठेवून चांगला चालता कोड बदलत बसली आहेत, म्हणून लिहितो.

कॉर्स म्हणजे एका साइटच्या पेजला दुसऱ्या साइटच्या सर्व्हरचं उत्तर वाचू द्यायचं की नाही, याचा नियम. ही अट ब्राउझर घालतो, लायब्ररी नाही. अ‍ॅक्सिऑसमध्ये प्रत्यक्ष रिक्वेस्ट पाठवण्याचं काम अ‍ॅडॅप्टर नावाचा भाग करतो. ब्राउझरमध्ये तो एरवी एक्सएचआर (ब्राउझरची रिक्वेस्ट पाठवायची जुनी सोय) वापरतो, नोडमध्ये (ब्राउझरशिवाय जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) नोडचंच एचटीटीपी मॉड्यूल. १.७ आवृत्तीपासून फेचचा अ‍ॅडॅप्टरही आला. एक्सएचआर असो की फेच, ब्राउझर दोघांना तोच नियम लावतो. मेसेजसोबतचा स्क्रीनशॉट नीट पाहा: ती रिक्वेस्ट टर्मिनलमधून, नोडवर चालवलेली आहे. तिथे कॉर्स तपासणारा ब्राउझरच नाही, मग एरर येणार कुठून? तोच कोड वेब पेजवर चालवला की अडतो. मी करून पाहिलं.

उपाय सर्व्हरवर आहे. त्याने उत्तरात अ‍ॅक्सेस-कंट्रोल-अलाव-ओरिजिन हेडर पाठवायला हवं, नाहीतर आपल्या सर्व्हरवरून प्रॉक्सी करावी, म्हणजे रिक्वेस्ट आपल्या सर्व्हरमार्फत पाठवावी. फेचच्या 'नो-कॉर्स' मोडने एरर दिसेनासा होतो, पण उत्तर वाचताच येत नाही. त्यात दिवस घालवू नका.

फेच आणि अ‍ॅक्सिऑसमधला खरा फरक वेगळाच आहे. सर्व्हरकडून ४०४ किंवा ५०० असा बिघाडाचा स्टेटस आला तरी फेचचं प्रॉमिस रिजेक्ट होत नाही (म्हणजे कोडला तो एरर म्हणून मिळत नाही), रिस्पॉन्स ओके आहे का ते आपणच तपासायचं. अ‍ॅक्सिऑस मात्र, सेटिंग बदललं नसेल तर, २०० ते २९९ सोडून बाकीच्या स्टेटसवर रिजेक्ट करतं.