डाव्या स्पीकरातली कुंभारीण

जुलैच्या दुसऱ्या रविवारी माझा नंबर होता आणि मी शुक्रवारपासून नीट जेवलो नव्हतो. नंबर म्हणजे आमचं चौघांचं मंडळ आहे हाय-फायवाल्यांचं, महिन्यातनं एकदा एकाच्या घरी जमायचं, त्याची गाणी ऐकायची सिस्टीम, म्हणजे अँप्लिफायर नि स्पीकर, ऐकायची, घावणे खायचे, आणि निघताना चपला घालता घालता त्याला असं काहीतरी बोलून जायचं की पुढचे पंधरा दिवस त्याला झोप लागता नये. आमच्या सिंधुदुर्गात भजनाची डबलबारी असते ना, दोन बुवा समोरासमोर, एकाने सवाल टाकायचा दुसऱ्याने जवाब द्यायचा आणि पब्लिक पहाटेपर्यंत जागचं हलत नाही, तसंच आमचं आहे, फक्त यात गात कोणीच नाही.

मंडळात सावंतवाडीचे डॉक्टर आहेत, कान-नाक-घसावाले, त्यामुळे कानाच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालायची सोय नाही. मी एकदा माझ्या स्पीकरच्या ट्विटरचं, म्हणजे वरचे बारीक सूर काढतो त्या छोट्या भागाचं, कौतुक करत होतो, वीस हजार हर्ट्झपर्यंत जातो वगैरे, तर ते शांतपणे म्हणाले की पन्नाशी आली तुझी, तुझा कान बारा-तेरा हजाराला आटपतो, वरचं सगळं तू कुत्र्यासाठी घेतलंयस. दुसरे देवगडचे तात्या, हापूसचे बागायतदार, त्यांना सगळं जग आंब्यातून कळतं. तिसरा कुडाळचा बँकेतला पोरगा, तो ऐकत नाही, मोजतो, मोबाईलवर अॅप लावून खोलीच्या मधोमध हात वर करून उभा राहतो, रेंज शोधत असल्यासारखा.

मी आपला वेंगुर्ल्याचा, झेरॉक्सचं दुकान, घर समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. समुद्र जवळ म्हटलं की मुंबईचे पाहुणे वा वा करतात, पण अँप्लिफायरवाल्याला विचारा. स्पीकरच्या मागच्या तांब्याच्या तारा दोन महिन्यांत हिरव्या पडतात, देवघरातल्या न घासलेल्या ताम्हनासारख्या. आधीचे स्पीकर होते त्यांच्या वूफरच्या, म्हणजे खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या पडद्याच्या, कडेला फोमची पट्टी असते ती एका पावसाळ्यात खोबऱ्याच्या चवासारखी हातात आली. मग मुंबईहून सेकंडहँड घेतले, रबराच्या कडेचे, आणि कोकणकन्येने आणले. पेट्या इकडून मुंबईला जातात हे सगळ्या ट्रेनला माहितीय, मुंबईहून इकडे येणाऱ्या पेट्या बघून समोरचे आजोबा रोह्यापासून कुडाळपर्यंत विचारत होते, आंबे परत केल्यानी काय रे?

या विषयावरचे जेवढे व्हिडिओ आहेत ते सगळे कोरड्या देशातल्या माणसांनी केलेत असं माझं मत आहे. रेकॉर्ड उभी ठेवा, धूळ पुसा, बस. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, धूळ कुठे उडणार, धुळीचा चिखल होतो. इथे रेकॉर्डवर बुरशी येते. पांढरी, बारीक, नक्षीदार. सुई त्यावरून गेली की गायिका तव्यावर गातेय असं वाटतं. मी एलपींसाठी जुनं लाकडी कपाट केलंय, आत चाळीसचा बल्ब जून ते सप्टेंबर चोवीस तास चालू, भाच्यांनी हात लावू नये म्हणून कुलूप. बाहेरून फटीतून उजेड दिसतो, शेजारच्या काकी समजतात आमचं दुसरं देवघर आहे, एकदा तर हात जोडून गेल्या.

अँप्लिफायर व्हॉल्व्हचा आहे. जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह, लालसर पेटतात, आवाजाला ऊब येते म्हणतात. आवाजाला येते की नाही सांगता येत नाही पण खोलीला नक्की येते, कारण क्लास ए जातीचा आहे आणि या जातीत लाईटमधली बरीचशी ताकद गाण्याऐवजी गरम होण्यातच जाते. गाण्यासाठी उरतात आठ वॅट. ही गोष्ट आईच्या लक्षात पहिल्याच पावसाळ्यात आली. "तुझ्या बापाशीचो रेडिओय असोच तापायचो," म्हणाली आणि माझे ओले मोजे वर पसरून गेली. तेव्हापासून घरात कोणी मला गाणी ऐकू नको म्हणत नाही, उलट आज लावत नाहीस का म्हणून विचारतात, बादलीभर कपडे असतात.

तर नंबर आला म्हणून आठवडाभर तयारी. पहिली भानगड घुमण्याची. अँप चालू केला की गाणं लावायच्या आधीच स्पीकरमधून एक हंऽऽऽ सुरू व्हायचा. वायरमनला बोलावलं, तो म्हणाला अर्थिंग नाही मिळत, तुमची जमीन जांभ्याची, खड्डा खणा, कोळसा नि मीठ घाला. भर पावसात खड्डा खणला, मीठ-कोळसा घातला, बायको म्हणाली एक नारळ पण ठेवा. हंऽऽऽ तसाच. शेवटी खालच्या वाडीतले भजनीबुवा झेरॉक्सचे पैसे द्यायला आले ते दारातच थबकले, डोळे मिटले, म्हणाले "कोणी पेटी धरल्यानी रे? पांढरी पाच आसा, पण जराशी चढली हा." मी मोबाईलवर बघितलं. खाली पांढरी पाच बसते ४९ हर्ट्झला, आणि आपली लाईट ५० हर्ट्झची. बुवांचा कान एका हर्ट्झने चुकला नव्हता, लाईटच चढी होती. मग तो सूर धरून त्यांनी अर्धा तास गजर म्हणून दाखवला, आणि खरं सांगतो माझ्या सिस्टीमवर त्या महिन्यात तेवढंच चांगलं वाजलं. (घुमणं नंतर गेलं. टर्नटेबलची एक बारीक हिरवी वायर असते ती मी लावलीच नव्हती. खड्डा अजून आहे, त्यात आता बेडूक राहतो.)

शनिवारी संध्याकाळी स्पीकर पुसायला घेतले आणि डाव्याचं भोक दिसेना.

स्पीकरच्या पेटीला पुढे किंवा मागे एक भोक असतं, नळीसारखं. वूफरचा पडदा पुढेमागे होतो तेव्हा त्याच्या पाठची हवा त्या नळीतून बाहेर येऊन खालच्या सुरांना जोर देते, त्यासाठी. माझ्या स्पीकरांची भोकं मागच्या बाजूला, लिंबाएवढी. उजवं जागेवर होतं. डाव्याच्या जागी माती. गुळगुळीत, लिंपलेली, मडक्याच्या बुडासारखी. कुंभारणीने, म्हणजे मातीचं घर करणाऱ्या त्या गांधीलमाशीसारख्या माशीने, घर बांधलं होतं, एक नव्हे चार खोल्यांची चाळ. ही बया चिखलाचे गोळे तोंडातून आणते, खोली बांधते, आत अंडं घालते, पिल्लाला खायला बेशुद्ध केलेले किडे भरून ठेवते आणि दार लिंपून निघून जाते. हे सगळं तिने मी समोर खुर्चीत डोळे मिटून बसलेला असताना केलं असणार.

मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आलो तर आई मधे उभी.

"मोडू नको. आत पिल्ला आसतली."

"आई, उद्या माणसं येतायत ऐकायला."

"येऊ देत. माणसांका घरा आसत."

यावर काय बोलणार. तसाच ठेवला.

रविवारी तीनला सगळे आले. आमच्या बैठकीचा एक नियम आहे की पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज येतो. खिडक्या बंद, कारण कोकिळा, कुत्रे आणि शेजारचा मिक्सर. जुलै महिना, बंद खोली, चार माणसं आणि एक क्लास ए अँप. दुसरा नियम असा की खरं स्टिरिओ फक्त एका खुर्चीत ऐकू येतं, दोन स्पीकर आणि डोकं यांचा सारख्या बाजूंचा त्रिकोण व्हायला लागतो, म्हणून एक जण त्या खुर्चीत आणि बाकीचे तिघे भिंतीकडेच्या बाकावर आपली पाळी यायची वाट बघत, अगदी सलूनसारखे, फक्त जुने पेपर नाहीत. आई चहा घेऊन आली, सगळे डोळे मिटून घामाघूम बसलेले बघून परत गेली. आतून आवाज आला, "हे गाणा आयकतत काय ताप बघतत?"

तात्या पहिले बसले. पाच मिनिटं ऐकलं, हनुवटी खाजवली. "कच्चा आहे. अजून आढीत घालायला हवा. दोनशे तास रोज थोडा थोडा वाजव, वास सुटेल." इंग्रजीत याला बर्न-इन म्हणतात आणि जगभर लोक त्यावर भांडतात, तात्यांनी गवत घालून प्रश्न मिटवला. बँकवाल्याने हात वर करून मोबाईल फिरवला आणि माझ्याकडे पेशंटच्या नातेवाईकाकडे बघावं तसं बघितलं.

मग डॉक्टरांनी आपली पिशवी उघडली. प्लास्टिकच्या तीन पिशव्या, आत टॉवेल, टॉवेलात केसरबाई केरकरांची एलपी, त्यांच्या वडिलांच्या वेळची. शास्त्रीय गाणाऱ्या केसरबाई म्हणजे आमच्या शेजारच्याच, गोव्यातल्या केरीच्या. त्यांची एक भैरवी नासाने १९७७ मधे व्हॉयेजर यानांतून अंतराळात पाठवली, तांब्याच्या तबकडीवर सोन्याचा मुलामा देऊन, आणि जो कोणी परग्रहवाला उचलेल त्याची अडचण नको म्हणून सोबत कार्ट्रिज आणि सुईसुद्धा दिली. व्हॉयेजर एक सुटलं आणि अकरा दिवसांनी बाई गेल्या. डॉक्टर हे दर वेळी सांगतात आणि आम्ही दर वेळी गप्प होतो. त्या दिवशी तात्या म्हणाले, बरं झालं तिकडे पाठवली, बुरशी तरी नाही येणार.

सुई टेकवली, आलाप सुरू झाला, आणि पाऊस आला. आमचा पाऊस सांगून येत नाही, पडवीच्या पत्र्यावर एकदम पोतं ओतल्यासारखा. डॉक्टर म्हणाले आवाज वाढव. मी वाढवला. आणखी वाढव. आता हिशोब असा आहे की कानाला आवाज दुप्पट वाटायचा असेल तर साधारण दहापट वॅट लागतात. माझ्याकडे आठ. ऐंशी कुठून आणू? पत्रा जिंकला. बाई गात होत्या, आम्हाला अधूनमधून एखादी तान दिसायची, लाटेवरच्या होडीसारखी. मग लाईट गेली.

पिवळट अंधारात चौघं बसलो. कोणीतरी बोलायला हवं म्हणून बँकवाला म्हणाला, "बाकी दादा, तुमच्याकडे ब्लॅक बॅकग्राउंड छान आहे." चांगल्या सिस्टीममधे दोन सुरांच्या मधे किती शांतता असते त्याला तसं म्हणतात. पत्रा तेव्हा धडाधडा वाजत होता.

लाईट आली, पाऊस ओसरला, डॉक्टर खुर्चीत बसले ते उठेचनात. मान डावीकडे, मान उजवीकडे, परत डावीकडे. मला समजलं, पकडलं.

"डाव्याला काय केलंस?"

"कुठे काय."

"नाही, काहीतरी केलंयस. बेस बघ केवढा आवळलाय. उजवा त्याच्यापुढे पोकळ वाटतोय, रिकाम्या पिंपासारखा."

बँकवाला मोबाईल घेऊन धावला, म्हणाला खरंच, डाव्याचा खालचा फुगवटा गेलाय, पोर्ट प्लग घातलास ना दादा? भोकात बसवायचे फोमचे बूच मिळतात, आवाज घट्ट करायला, काही कंपन्या स्पीकरसोबतच देतात. मी आयुष्यात पहिल्यांदा मंडळात कौतुक होताना बघत होतो. म्हटलं, "हो, पण फोमचा नाही. हँडमेड आहे."

"कुठून मागवलास?"

"लोकल."

"मटेरियल?"

"माती."

शांतता. हीच खरी ब्लॅक बॅकग्राउंड. तात्या पुढे सरकले. "जांभ्याची?"

"मिक्स असावी. बाई करते एक. एकटीच. सगळं हाताने, म्हणजे तोंडाने."

"बचत गटाची काय?"

"नाही, ती गटात नसते."

"आणि एकच का केलीन?"

"तिच्या मनात येईल तेव्हा करते."

हे ऐकून डॉक्टरांच्या डोळ्यांत जो आदर आला तो मी बघितला. कलाकार आहे म्हणजे, म्हणाले. किंमत विचारली, मी म्हटलं अजून सांगितली नाही तिने. चपला घालताना कोणी काही बोललं नाही. फक्त डॉक्टर म्हणाले, पाऊस आहे, एलपी तुझ्या बल्बच्या कपाटात राहू दे, पुढच्या महिन्यात माझ्याकडे येताना आण.

त्याला आता तीन आठवडे झाले. उजव्या स्पीकरच्या मागे मी वाटीत ओला चिखल ठेवलाय, तुळशीतली माती, चांगली मळून. आईने विचारलं, "तिका काय आमंत्रण देतस?" मी रोज सकाळी बघतो. परवा ती आली खरी. उजव्या स्पीकरभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाटीतला एक गोळा उचलला, भोकात डोकावली, आवडलं नसावं, आणि गेली. कुठे गेली ते आज दुपारी कळलं, किल्ली घेऊन एलपीच्या कपाटापाशी गेलो तेव्हा. किल्लीचं भोक लिंपून गुळगुळीत. आत बल्ब चालू, आत केसरबाई. बाहेर आई उभी, बोट वर करून.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन. "रविवारी लक्षात आहे ना? बाईंना घेऊन ये."

मी विचारलं, "कुठल्या?"

"दोन्ही."