गाढ झोपेतल्या अल्फा लहरी

झोपेत मेंदूत उमटणाऱ्या विद्युत लहरींवरच्या एका लेखात, गाढ झोप म्हणजे निव्वळ संथ डेल्टा लहरी, असं सरसकट म्हटलंय. नेहमीच तसं नसतं हो. काहींच्या मेंदूलहरींच्या आलेखात त्या मोठ्या, संथ लाटांवर ८ ते १३ हर्ट्झच्या अल्फा लहरींची बारीक नक्षी चढलेली दिसते. एरवी या लहरी जागेपणी, डोळे मिटून स्वस्थ पडल्यावर उमटतात! हाउरी आणि हॉकिन्स या संशोधकांनी १९७३ मध्ये याला 'अल्फा-डेल्टा झोप' म्हटलं. पुढे फायब्रोमायल्जियाच्या (अंगभर सतत दुखत राहणाऱ्या आजाराच्या) रुग्णांतही ती आढळली. 'रात्रभर झोपलो, तरी अंग आंबलेलंच' ही त्यांची नेहमीची तक्रार. पण धडधाकट माणसांतही हे दिसतं, त्यामुळे झोपेच्या तपासणीच्या अहवालात नुसतं 'अल्फा' वाचून कुणी धसका घेऊ नये.