मैत्रीपूर्ण गळस्पर्धेचे निकष कसे ठरवावेत

मित्रमंडळींसाठी गळाने मासे धरण्याची स्पर्धा भरवण्याचा आपला विचार असेल, तर गेल्या रविवारी रेवदंड्याच्या खाडीवर मला जे शिक्षण मिळाले, त्याचा लाभ आपणही अवश्य घ्यावा.

सर्वप्रथम, नियम कागदावर उतरवू नयेत. सकाळी सहा वाजता 'सर्वांत लांब मासा जिंकेल' असे तोंडी जाहीर करावे आणि दुपारी, कोणाच्या पिशवीत काय आहे ते डोकावून पाहिल्यानंतर, 'एकूण वजन' हा निकष आपल्याला पहिल्यापासूनच अभिप्रेत होता असे सांगावे.

जागांच्या चिठ्ठ्या टाकू नयेत. धक्क्याचे टोक संयोजकांच्या मेहुण्यासाठीच बांधलेले असते.

वजन ताणकाट्यावर, ओल्या गोणपाटासकट करावे, आणि काटा शून्यावर आहे का असे विचारणाऱ्याला खिलाडूवृत्ती नाही असे समजावे. माशाचे पोट तपासण्याच्या भानगडीत तर पडूच नये. 2022 साली अमेरिकेत क्लीव्हलंड येथे, लेक इरीवरच्या स्पर्धेत, परीक्षकाने तेवढे केले, तर माशांच्या पोटातून शिशाची वजने निघाली आणि पुढे दोन स्पर्धकांना दहा दहा दिवसांची कैद झाली. मैत्रीत असे बरे दिसत नाही.

मासा मोजून पाण्यात परत सोडणाऱ्याचे काय करावे, हा प्रश्न मात्र नाजूक आहे. 'पट्टीवर ठेवून फोटो काढा आणि सोडून द्या' असे आपणच सकाळी सांगितलेले असते. त्यावर विश्वास ठेवून एखादा मूर्ख 79 सेंटिमीटरचा जिताडा दोन साक्षीदारांसमोर मोजतो, त्याला पाण्यात धरून त्याच्या कल्ल्यांत जोर येईपर्यंत गुडघाभर चिखलात उभा राहतो, आणि तासाभराने काट्यापाशी रिकाम्या हाताने आल्यावर त्याला ऐकवले जाते की, 'मासा कुठे आहे? फोटोला वजन नसते.' जिताडा आधी नर असतो आणि पुढे वाढून मादी होतो, त्यामुळे खाडीतले सर्वांत मोठे जिताडे बहुतेक अंडी घालणाऱ्या माद्याच असतात, हे त्या मूर्खाला ठाऊक असते, म्हणून तो सोडतो. बक्षीस कोणाला जाते? वीतभर लांबीच्या अकरा तांबोशांच्या पिशवीला! राज्य शासनाने 2023 साली 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला, तो होडीवाल्यांनी पाळावा. आपण हौशी आहोत, आपल्याला पिल्ले माफ आहेत.

मेहुण्याने शेवटचे दोन मासे शिट्टीनंतर आणले होते. भरतीच्या दिवशी घड्याळ असेच चालते.

अहो, पण हे काय चालवले आहे तुम्ही? एकच पट्टी घ्या, मासा मिटलेल्या तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजा, वरचे मिलिमीटर सोडून द्या, फोटोत त्या दिवशीची सही केलेली चिठ्ठी दिसू द्या, बरोबरी झाली तर आधी धरणाऱ्याला जिंकवा आणि ठरलेल्या आकाराखालचा मासा मोजूच नका. अर्ध्या पानाचे काम आहे. ते पहिला गळ पाण्यात पडण्याआधी करायचे असते, निकाल आपल्या घरात कसा आणावा हे सुचल्यानंतर नव्हे. दोनशे रुपयांची वर्गणी गेली त्याचे मला काही वाटत नाही. पण पुढच्या वर्षी ती मागायला याल तेव्हा नियमांचा कागद हातात असू द्या, नाहीतर पायरीवरूनच परत फिरा.