पंखा पाहिजे, पण कूलरचा नको

मराठवाड्यात 'मोटर घेतली' म्हणलं की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, 'किती फुटाला पाणी लागलं?' मोटर होडीची आहे आणि पाणी आधीपासूनच वर आहे, हे पटवून देईपर्यंत चहा निवतो. 'पंखा बदलायचाय' म्हणून दुकानात जावं, तर उन्हाळ्यात गल्ल्यावर कूलरचा १८ इंची पंखा येतो. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या मुलखात नळाच्या पाण्याची वार लावून वाट बघतात, तिथं पाण्यात फिरणारा पंखा मागणारा माणूस संशयास्पदच दिसणार.

पण पैठणचं नाथसागर धरण आहे, येलदरीचं आहे, माजलगावचं आहे. म्हणजे होड्या आल्या, मागं अडकवलेली आऊटबोर्ड मोटर आली आणि पंख्याचा घोळही आला.

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. समजा, ९¼ × ९. पहिला व्यास, इंचांत. हा बराचसा मोटरचा सांगाडाच ठरवतो. तिथं आपलं मत कुणी विचारत नाही. दुसरा पिच: लाकडात स्क्रू जातो तसा पंखा एका फेऱ्यात किती इंच पुढं सरकेल ते. सगळी भांडणं या दुसऱ्या आकड्यावर.

हिशोब सोपा आहे. इंजिन मिनिटाला ५५०० फेरे मारतं, गिअर २.०८ ला १ (इंजिनाच्या २.०८ फेऱ्यांना पंख्याचा एक) असेल तर पंखा २६४४ फेरे मारतो. ९ इंच पिच धरला तर कागदावर ताशी ३६ किलोमीटर. पण पाणी म्हणजे सागवान नव्हे, पंखा त्यात घसरतो. हलक्या होडीला १० ते २० टक्के घसर सोडावी लागते, भरलेल्या होडीला त्याहून जास्त. हा भाग सांगायच्या आतच ऐकणारा ३६ आकडा घेऊन गावात गेलेला असतो.

म्हणून मी पिच सांगताना ट्रॅक्टरच्या गिअरवर येतो, ते लगेच कळतं. जास्त पिच म्हणजे वरचा गिअर. मोकळा ट्रॅक्टर त्यात सुसाट जातो. उसाची भरली ट्रॉली लावून तोच गिअर टाकला तर इंजिन घुमतं, धूर ओकतं, पण जागचं हलत नाही. होडीचंही तेच. पिच जास्त झाला की इंजिन फेरे गाठत नाही, कार्बन धरतं, पिस्टन तापतो, आणि एक दिवस टू-स्ट्रोक भर धरणात जाम होतं. पिच कमी झाला तर उलटं: आवाज विमानाचा, चाल बैलगाडीची.

खरी परीक्षा एकच. नेहमीचं वजन भरून थ्रॉटल पूर्ण उघडायचा आणि फेरे मोजायचे. मोटरच्या पुस्तकात मिनिटाच्या फेऱ्यांचा पल्ला दिलेला असतो; बऱ्याच फोर-स्ट्रोकला ५००० ते ६०००. आकडा त्याच्या वरच्या अर्ध्यात पडला पाहिजे. एक इंच पिच कमी केला की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. फेरे कानानं मोजणारे तज्ज्ञ काठावर बसलेले असतातच. त्यांना नमस्कार करून प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर, म्हणजे फेरे मोजायचं यंत्र, आणावा.

आता 'नेहमीचं वजन'. इथं सगळा पंखा फसतो.

'किती जण?'

'दोघंच की, मालक.'

हे दोघं म्हणजे दोन माणसं, 'ह्यो बारका कशात मोजायचा' असा भाचा, ओलं जाळं, बर्फाचं खोकं, पेट्रोलची २५ लिटरची टाकी, तीच साडेअठरा किलो, आणि ऐनवेळी काठावर भेटलेले सरपंचांचे व्याही. तेव्हा पंखा तोंडी हिशोबावर घेऊ नये. होडी खरोखर भरावी आणि मग मोजावं.

त्यात उंचीची भानगड. नाथसागराची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट. दर हजार फुटांना इंजिन अंदाजे ३ टक्के ताकद गमावतं. म्हणजे १५ हॉर्सपॉवरमधला पाऊण घोडा पैठणला पोचायच्या आधीच घाटात उतरून जातो. समुद्रावर ज्या होडीला ९ चा पिच चालतो, तिला इथं ८ चा लावून बघावा.

कधी पंख्याचा दोष नसतोच. मोटर उंच टांगलेली असली की पंखा वरची हवा ओढतो, इंजिन किंचाळतं, होडी तिथंच. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत आहे का, ते आधी बघावं. दुसरा चोर म्हणजे पंख्याला शाफ्टशी जोडणारं आतलं रबरी बुश. सावकाश चालवलं तर होडी जाते, थ्रॉटल दिला की नुसतं इंजिन पळतं. बुशवर आणि बाहेरच्या नळीवर मिळून एक सरळ रेघ नेलपॉलिशनं ओढायची (घरात विचारून), एक चक्कर मारायची. रेघ तुटून दोन जागी दिसली की बुश गेलं. अगदी लहान मोटरींना बुशऐवजी शिअर पिन असते, धडकेत आपण तुटून गिअर वाचवणारी. ती तुटली म्हणून खिळा ठोकणारे कारागीर आपल्याकडं मुबलक आहेत. मग पुढच्या धडकेला खिळा टिकतो आणि गिअर तुटतो.

आणि धडक होणारच. मे महिन्यात पाणी उतरलं की बाभळीची खोडं आणि जुन्या विहिरींचे कठडे हातभर पाण्याखाली दबा धरून बसतात. इथं पंखा ॲल्युमिनियमचाच घ्यावा. पातं वाकतं, पण मार तिथंच संपतो. स्टीलचा पंखा तोच मार आत गिअरला पोचवतो.

बदलताना मोटर न्यूट्रलला, प्लगची वायर काढलेली. पातं आणि आडवी पट्टी यांच्यात लाकडाचा ठोकळा अडकवून नट सोडवायचा. शाफ्टवर ग्रीस, नवी स्प्लिट पिन. पंख्यामागं गिअरच्या बाजूला असलेल्या वॉशरखाली जाळ्याचा नायलॉन दोरा गुंडाळलेला आहे का, हे चिमट्यानं बघायचं, कारण तोच सील कापतो, पाणी आत शिरतं आणि गिअर ऑईलचं ताक होतं.

स्पेअर पंखा जरूर ठेवावा, एक इंच कमी पिचचा, व्याह्यांसाठी. मात्र गोणपाटात गुंडाळून होडीच्या फळीखालीच. घरी ठेवला तर मे महिन्यात कुणीतरी तो कूलरला बसतो का बघतं.