पुढचा स्क्रू निघाला नाही, स्टॉक तडकला: तुमच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार,

स्प्रिंगच्या एअर रायफलला आमचा नवा स्टॉक (लाकडी दस्ता) बसवायचा म्हणून तुम्ही जुना काढायला घेतलात. पुढच्या बाजूचा एक स्क्रू हललाच नाही, अॅलन की (षटकोनी चावी) आत गरागरा फिरायला लागली, डब्ल्यूडी-४० हे स्प्रेचं तेल मारूनही फरक पडला नाही आणि ओढताना जुना स्टॉक तडकला. आमच्या माहितीपत्रकात यावर 'जुने स्क्रू काढून घ्या' एवढी एकच ओळ होती. ही चूक आमची आहे, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

तो स्क्रू बहुतेक गंजलेला नाही. स्प्रिंगच्या रायफलीचा झटका पुढे-मागे दोन्हीकडे बसतो, स्क्रू सैल होतात, म्हणून आट्यांना थ्रेड लॉकर (आटे धरून ठेवणारा गोंद) लावतात. सुकलेला लॉकर तेलाने सुटत नाही, तेल फक्त लाकडात मुरतं. त्याला उष्णता लागते. नळी उघडून आत छर्रा नाही आणि स्प्रिंग ताणलेली नाही हे आधी बघा. मग ६० वॅटच्या सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या खाचेत ३-४ मिनिटं धरा आणि गरम असतानाच की फिरवा. ब्लो टॉर्च किंवा गॅसची ज्योत अजिबात नको: लाकूड करपतं, आतलं पिस्टन सीलही जवळच असतं.

की गोल फिरण्याचं कारण बहुधा खाचेत साचलेला मळ किंवा पॉलिश. सुईने तळ खरवडून काढा, म्हणजे की पूर्ण आत बसते. सपाट डोक्याच्या एम६ स्क्रूला ४ मिमीची की लागते. गोल टोकाची की जाम स्क्रूवर कधीही वापरू नका. तुमची खाच आता झिजली असणार, तेव्हा टी२५ टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचा) बिट हलक्या हातोडीने ठोकून बसवा. तोही घसरला तर टी२७. ठोकताना स्टॉकच्या खाली जाड घडीचा टॉवेल हवाच.

एवढं करूनही हलला नाही तर डोकंच उडवायचं. आधी ३ मिमी, मग ४.५, शेवटी ६ मिमीचं ड्रिल, बिटला ४ मिमीवर टेप लावून. किस आत जाऊ नये म्हणून सगळ्या फटी टेपने बंद करा. डोकं गेलं की ताण जातो, स्टॉक उचलता येतो आणि उरलेला दांडा ग्रिप प्लायरने सहसा सहज फिरतो.

तुमच्या फोटोत तडा त्या पुढच्या स्क्रूच्या भोकातूनच वर गेलाय. बाकीचे स्क्रू निघाले आणि तो एक आत राहिला असताना नळी वर खेचली की नेमकं हेच होतं, कारण तिथलं लाकूड सगळ्यात पातळ असतं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्यामुळे सगळे स्क्रू निघूनही नळी अडकते. तेव्हा पंख्याखाली २-३ दिवस ठेवा, उन्हात नको आणि स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका.

तडा सांधता येईल. तेल मुरलंय म्हणून आधी अॅसिटोनने पुसा, पूर्ण वाळू द्या, पातळ इपॉक्सी भरून क्लॅम्प २४ तास ठेवा.

नवा स्टॉक नको असेल तर पूर्ण पैसे परत देऊ. हवा असेल तर रायफल दुकानात आणा, स्क्रू आम्ही काढून देऊ, त्याचे पैसे घेणार नाही. घरीच बसवणार असाल तर चारही स्क्रू आधी हाताने २-३ आटे फिरवून घ्या, प्रत्येकाला निळ्या लॉकरचा एकच थेंब लावा आणि ५० छर्ऱ्यांनंतर पुन्हा तपासा.